पुतळे फार, शिल्पे थोडी

आपल्या शहरात एखाद्या पुतळ्याविषयी बोलणे निघाले की पहिला प्रश्न उंचीचा असतो. किती फुटी? मग लगेच दुसरा : चबुतऱ्यासकट की चबुतऱ्याशिवाय? त्यानंतर खर्च, त्यानंतर उद्घाटनाला कोण येणार. घडवणार कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याचे नाव विचारणारा एखादा तरी भेटतो. पुतळ्याच्या बाबतीत तेवढीही चौकशी होत नाही.

क्रांती चौकातील शिवछत्रपतींचा नवा अश्वारूढ पुतळा १८ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री आपण पाहिला. पुतळा एकवीस फूट, चबुतरा एकतीस फूट, एकूण बावन्न. हे आकडे शहरातल्या कोणत्याही रिक्षावाल्याला पाठ आहेत, आणि त्यात गैर काही नाही. पण तो पुतळा पुण्याच्या दीपक थोपटे यांनी घडवला, हे आपल्या महाविद्यालयात किती जणांना ठाऊक आहे? मी वर्गात विचारून पाहिले. एकालाही सांगता आले नाही. त्या चौकात आधीही अश्वारूढ पुतळा होताच. शेजारून उड्डाणपूल गेला, त्यापुढे पुतळा बुटका दिसू लागला आणि उंची वाढवण्याची मागणी पुढे आली. म्हणजे पुतळा किती मोठा असावा हे शिल्पकाराने नव्हे, पुलाने ठरवले. आणि पुतळ्याहून चबुतरा दहा फुटांनी उंच झाल्यावर चौकात उभ्या असलेल्या माणसाने महाराजांचा चेहरा पाहायचा तरी कसा?

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, शिल्पकलेचा नाही. छिन्नी कधी हातात धरलेली नाही. पण रस्त्यावरचे शिल्प हे काही केवळ जाणकारांसाठी नसते. ते येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी असते, आणि येणारा-जाणारा म्हणून मला मत आहे. ते मत बनायला निमित्त झाले राम सुतार यांचे. डिसेंबर २०२५ मध्ये, वयाची शंभरी पार करून, ते नोएडा येथे वारले. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा होता, पद्मश्री आणि पद्मभूषण होते, महाराष्ट्रभूषण होता. नव्हते ते एकच : हा माणूस उमेदीच्या काळात चार वर्षे आपल्या गावात नोकरी करत होता, ही गोष्ट.

धुळ्याजवळच्या गोंदूर गावी १९ फेब्रुवारी १९२५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील वनजी सुतार गावात सुतारकाम करीत. धुळ्याचे कलाशिक्षक श्रीराम कृष्ण जोशी यांनी मुलाचा हात ओळखला आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये धाडले. तेथून १९५३ साली मानाचे मेयो पदक घेऊन ते बाहेर पडले. पदक मिळाले म्हणून काम मिळते असे नाही, हे आपल्यापैकी अंतिम वर्षातल्यांना वेगळे सांगायला नको. त्यांना मिळाली ती पुरातत्त्व खात्यातली मॉडेलरची नोकरी, आणि ती तेव्हाच्या औरंगाबादेत. १९५४ ते १९५८ ही वर्षे त्यांनी अजिंठा आणि वेरूळच्या भग्न मूर्तींच्या दुरुस्तीत घालवली. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. सुतार मात्र जिथे होते तिथेच, लेण्यात.

दुरुस्तीचे काम म्हणजे काय, याचा जरा विचार करून पाहावा. जे. जे.मध्ये समोर जिवंत माणूस बसवून मातीत त्याची प्रतिकृती करायला शिकवतात. वेरूळात समोर आहे तो हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा दगड. ज्याने तो घडवला त्याचे नाव नाही, चेहरा नाही, वहीतला आराखडा नाही. तुटलेल्या दंडावरून ओळखायचे की पुढचा हात कसा वळला असेल. म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरायचे आणि आपले मन बाहेर ठेवायचे. आणि काम चांगले झाले याची खूण कोणती? तर दुरुस्ती करणारा दिसता कामा नये. गेल्या वर्षी आमच्या वर्गाची सहल कैलास लेण्यात गेली तेव्हा मी मुद्दाम नवे-जुने ओळखायचा खटाटोप केला. काही खांब अलीकडे बांधून काढलेले आहेत हे कळते. मूर्तींच्या बाबतीत मला काही सांगता येईना. सरांनी हटकले, ‘काय शोधतोस?’ मी म्हणालो, ‘शिल्पकार.’ सर हसले आणि म्हणाले, ‘इथे तो कुणालाच सापडलेला नाही.’

हे अगदी खरे. राष्ट्रकूटांच्या वंशातील कर्कराजाचा बडोद्याला मिळालेला एक ताम्रपट आहे, इसवी सन ८१२ चा. त्यात कैलासाचे वर्णन आहे. देवही ते पाहून थक्क झाले, आणि ज्याने घडवले तो शिल्पीसुद्धा चकित झाला की हे माझ्या हातून झाले तरी कसे, अशा आशयाचे. ताम्रपटात राजाचे नाव आहे, शिल्प्याचे आश्चर्य आहे. त्याचे नाव तेवढे नाही! पुढे मराठी ‘कथाकल्पतरू’ने ही उणीव आपल्या परीने भरून काढली आणि पैठणचा कोकस नावाचा कारागीर उभा केला. ती दंतकथा आहे. पण लोकांना नाव हवे होते, एवढे तिच्यावरून दिसते. तेव्हाच्या लोकांना हवे होते, असे म्हणतो.

सुतारांच्या मनावर या चार वर्षांचा काय परिणाम झाला? मला वाटते, त्याचे उत्तर चंबळ नदीवरील गांधीसागर धरणावर आहे. १९५८ साली ते दिल्लीला माहिती खात्यात गेले, १९५९ मध्ये ती नोकरीही सोडली, आणि मग हे काम हाती आले. पंचेचाळीस फूट उंचीची चंबळदेवी, आणि तिच्याजवळ दोन मुले, म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. काँक्रीटचा एकसंध ठोकळा उभा करून तो छिन्नीने कोरून काढलेला. मातीचा लेप चढवत मूर्ती वाढवणे ही जे. जे.ची रीत. सबंध राशीतून नको ते काढून टाकत आत जाणे ही वेरूळची. तिशी ओलांडलेल्या त्या शिल्पकाराने धरणावर वेरूळचीच रीत वापरली. शिवाय चंबळ म्हणून कोणी बाई नव्हती. तिचे छायाचित्र नव्हते, घराणे नव्हते, तिच्या टोपीवरून किंवा पगडीवरून वाद घालणारे कोणी नव्हते. ती सर्वस्वी शिल्पकाराच्या मनातून आली.

ती पाहून नेहरू प्रभावित झाले आणि भाक्रा धरण बांधणाऱ्या कामगारांचे पन्नास फुटी ब्राँझ शिल्प त्यांनी सुतारांकडून करवून घ्यायचे ठरवले. ते झाले नाही. पैसा नव्हता. पुढे त्यांनी गांधीजी घडवले, शेकड्यांनी, आणि त्यांच्या प्रतिकृती देशोदेशी गेल्या. नेते घडवले. पाटण्याच्या गांधी मैदानात पुतळा उभा राहिला. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी बंगळूरच्या विमानतळावर १०८ फुटी केंपेगौडा उभे राहिले. आणि त्याआधी ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी नर्मदेवर सरदार पटेल, सुमारे तीन हजार कोटींच्या खर्चाने. काळ बदलला, देशाची ऐपत वाढली, हे मान्य. तरीही ऐपत वाढल्यावर भाक्र्याच्या कामगारांची आठवण कोणाला झाली नाही, हे मला खटकते.

आता जो मुद्दा मला मांडायचा आहे त्याकडे येतो. आपल्या मोठ्या शिल्पकारांची कामे डोळ्यांसमोर आणा आणि कोणते काम कशात केले आहे तेवढे पाहा. गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’, म्हणजे देवळाकडे निघालेली ती नऊवारीतली तरुणी, १८९६ सालची. विद्यार्थिदशेतले काम, आणि प्लास्टरमधले. पुढे त्यांनी राजेराण्यांचे आणि पुढाऱ्यांचे पुतळे केले ते संगमरवरात आणि ब्राँझमध्ये. नानासाहेब करमरकरांचा पुण्याचा अश्वारूढ शिवाजी ब्राँझचा : साडेतेरा फुटी, माझगावच्या गोदीत ओतलेला, १६ जून १९२८ रोजी अनावरण झालेला. पण अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या घरी जाऊन आलेले लोक कशाविषयी बोलतात? अंगणातल्या म्हशीविषयी, कोळणीविषयी. ती कामे सिमेंटची. आणि सुतारांची चंबळदेवी काँक्रीटची.

हा योगायोग नव्हे. ब्राँझ महाग. शंभर किलो धातूत पंच्याऐंशी किलो तांबे, बाकी कथील, जस्त आणि शिसे. आधी लोखंडी सांगाड्यावर मातीची मूर्ती, मग तिचा प्लास्टरचा साचा, साच्यात मेणाचा थर, मेणावर पुन्हा मातीचे आवरण. भट्टीत मेण वितळून निघून जाते आणि त्याच्या पोकळीत हजार अंशांच्या वर तापलेला रस ओततात. मोठी मूर्ती असेल तर हे सगळे तुकड्यातुकड्यांनी. मग जोडकाम, कानस, आणि शेवटी आम्लाने रंग चढवणे. एवढा खर्च शिल्पकार स्वतःच्या खिशातून करू शकत नाही. संस्थान करते, सरकार करते, नगरपालिका करते, आणि जो पैसे देतो तो विषय ठरवतो. विषय ठरलेला असतो : एक थोर पुरुष. म्हणून धातूत देणाऱ्याचे मन उतरते आणि शिल्पकाराचे मन सिमेंटात, प्लास्टरमध्ये, मातीत राहते. धातू टिकतो, प्लास्टर फुटते. म्हणजे उद्या टिकून काय राहणार, तेही कळलेच.

यावर कोणी म्हणेल की पुतळा म्हणजे केवळ व्यक्तिचित्र, त्यात कल्पकता नाही, असे तुला म्हणायचे आहे काय? मुळीच नाही, आणि मराठवाड्यात राहून तसे म्हणणे शोभणारही नाही. संसदेच्या आवारात २ एप्रिल १९६७ रोजी डॉ. आंबेडकरांचा ब्राँझ पुतळा बसला. एका हातात संविधान, दुसरा हात पुढे उंचावलेला, बोट दूर कशाकडे तरी. बाबासाहेब दिवसभर तसे उभे राहत नव्हते. ते उभे राहणे शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी शोधून काढले. आज आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात जा, पत्र्याच्या छपराखाली, निळ्या रंगाच्या कोटात, तेच बोट आहे. विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत ज्या लोकांनी मार खाल्ला, घरे जळताना पाहिली, त्यांच्यासाठी तो पुतळा शोभेची वस्तू नव्हे. १४ एप्रिलला भडकल गेटला उभे राहून पाहावे, म्हणजे हे कळते. एक शिल्पकार एक हात उचलतो आणि लाखो माणसांना आपले म्हणणे हाताने सांगता येऊ लागते. याहून मोठी निर्मिती कोणती? तरी वाघांचे नाव कोणाला ठाऊक नाही. कोकसाचे निदान दंतकथेत तरी आहे.

म्हणून माझे भांडण पुतळ्याशी नाही, फुटपट्टीशी आहे. वाघांच्या पुतळ्याची उंची साडेबारा फूट. सुतारांचेही सर्वांत मोठे काम कोणते असे मला विचाराल तर मी नर्मदेवरचे म्हणणार नाही. १९९३ साली संसदेसमोर बसवलेले ध्यानस्थ गांधीजी म्हणेन. सोळा फूट. मांडी घातलेली, मान किंचित झुकलेली, एवढ्या गजबजाटात एक माणूस आत पाहत बसला आहे. निदर्शने करणारे खासदार वर्षानुवर्षे त्याच्याच पायाशी जाऊन बसत, त्याला काही कारण असणारच. १८२ मीटरच्या पुतळ्यात काँक्रीटचे बुरूज आहेत, पोलादी सांगाडा आहे, वरून ब्राँझचे पत्रे आहेत, आणि ते पत्रे चीनमध्ये ओतून आणलेले. स्थापत्य म्हणून ते नवल खरेच. पण शिल्पकाराचा अंगठा त्यात कुठवर पोचला असेल?

घाईचे म्हणाल तर मालवण फार जुने झालेले नाही. राजकोट किल्ल्यावरचा पस्तीस फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. मान्यता सहा फुटी मातीच्या नमुन्याला दिली होती, तो पस्तीस फुटांचा होणार हे आम्हाला कळवले नव्हते, असे कला संचालकांनी तेव्हा सांगितले. सहाचे पस्तीस करणे हा केवळ गुणाकार नाही. मान किती पुढे घ्यायची, वारा कुठे अडेल, खालून पाहणाऱ्याला कपाळ दिसेल की नुसती हनुवटी, हे सगळे बदलते. त्याला वेळ लागतो, आणि उद्घाटनाच्या तारखेला वेळ नसतो. तिथे ११ मे २०२५ रोजी जो नवा पुतळा उभा राहिला तो सुतारांच्याच कार्यशाळेतला. वय वर्षे शंभर!

आणि आपण? वेरूळ तीस किलोमीटरवर. दायमाबाद तर प्रवरेकाठी, शेजारच्या जिल्ह्यात. तिथे १९७४ साली झाडाच्या मुळाशी खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या : बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही मिळून साठ किलोंच्या वर भरीव धातू, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. या मुलखातले हे सर्वांत जुने धातुशिल्प, आणि त्यात राजा नाही. रथ हाकणारा आहे आणि म्हैस आहे. (करमरकरांची म्हैस आणि ही म्हैस एकमेकींना ओळखतील अशी माझी खात्री आहे.) त्या ओतकाऱ्यांना मौल्यवान धातू म्हशीवर खर्च करणे उधळपट्टीचे वाटले नाही. आपल्या शहरात मात्र थोर पुरुषाखेरीज दुसऱ्या कशावर ब्राँझ खर्च करावे ही कल्पनाच कोणाला सुचत नाही. पैठणीच्या मागावर बसलेली बाई, हिमरूचा विणकर, मलिक अंबरच्या नहरीचे खापरी नळ जमिनीखाली जोडणारा माणूस, वाळूजच्या कारखान्यातून रात्रपाळी करून सायकलवर परतणारा कामगार, यांतले कोणी कधी धातूत दिसेल काय?

शहराच्या सुशोभीकरणात आता भंगाराची शिल्पे करण्याची टूम निघाली आहे. ती वाईट नाही. लोखंड स्वस्त, औद्योगिक वसाहतीत ते मुबलक, जोडकाम करणारे हात इथे हजारोंनी. धातूही देणाऱ्याच्या मुठीतून सुटून करणाऱ्याच्या हाती येऊ शकतो, हे त्यातून शक्य आहे. पण बहुतेक ठिकाणी त्या भंगाराचा मोर होतो, नाही तर गिटार. गिअरच्या चाकाचा मोर केला की मोराचेही काही होत नाही आणि चाकाचेही. ज्या यंत्रावर माणसाची बोटे गेली त्या यंत्राचे ते चाक आहे, हे लक्षात ठेवून कोणी त्याला हात घातला तर काही वेगळे निघेल. आपल्या शहरात १९७१ पासून शासकीय कला महाविद्यालय आहे. तिथली आपल्या वयाची मुले हे करू शकतात. त्यांना चौक द्या, वेळ द्या आणि विषय सांगू नका.

सभा-समित्यांना माझे सांगणे पोचणार नाही, पण आपल्या महाविद्यालयातले काही जण उद्या अशा समित्यांवर बसतील, म्हणून इथेच नोंदवून ठेवतो. पुढच्या वेळी शहरात पुतळा ठरेल तेव्हा मातीचा नमुना आधी पंधरा दिवस टाऊन हॉलमध्ये लोकांना पाहायला ठेवावा. चबुतरा पुतळ्याहून बुटका असावा. उद्घाटनाची तारीख ओतकाम संपल्यावर ठरवावी. आणि कोनशिलेवर अध्यक्ष, उपाध्यक्ष, स्वागताध्यक्ष यांची नावे कोरून झाल्यावर जागा उरली तर नव्हे, त्याच्या आधी, शिल्पकाराचे नाव, ओतकाऱ्यांची नावे आणि भट्टीचे गाव कोरावे. क्रांती चौकापासून सुरुवात करायला हरकत नाही. चबुतरा एकतीस फूट आहे. जागेची अडचण नाही.